भाऊबिजेची पावती

भोपाळहून बैरसियाच्या रस्त्याने दहा-बारा किलोमीटर गेले की इस्लामनगरचा किल्ला लागतो. सरकारी दप्तरात त्या गावाचे नाव आता जगदीशपूर झाले आहे, पण आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिला तो इस्लामनगर म्हणूनच. मंडळाची सहल, केळीच्या पानांत बांधलेला दहीभात, चमन महालातील कारंज्यांपाशी घेतलेले समूहछायाचित्र. मीही लहानपणी तिथे दोन-तीनदा गेलो. त्या भिंतींच्या आत एकेकाळी नवऱ्याच्या तलवारीतून वाचलेली एक गरोदर बाई येऊन राहिली होती, हे मात्र मला पुष्कळ उशिरा, पुस्तकातून कळले.

ती बाई म्हणजे सिकंदर बेगम. १८३५ साली तिचा विवाह जहांगीर मोहम्मद खान याच्याशी झाला. १८३७ मध्ये तो नवाब म्हणून गादीवर बसला, आणि पुढच्याच वर्षी, पत्नी गरोदर असताना, त्याने तिच्यावर तलवार चालवली. तिच्या आईने, कुदसिया बेगमने, लेकीला घेऊन भोपाळ सोडले आणि इस्लामनगर गाठले. शाहजहां बेगमचा जन्म १८३८ मध्ये तिथलाच. जहांगीर मोहम्मद १८४४ मध्ये वारला. त्यानंतर सिकंदर बेगमने या संस्थानचा कारभार १८६८ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत पाहिला, आणि तो कसा पाहिला हे भोपाळच्या जुन्या रस्त्यांवरून आणि मोती मशिदीवरून आजही दिसते.

सिकंदर बेगम वाचली, कारण तिच्या आईजवळ किल्ला होता. नुसती माया पुरली नसती. रात्रीतून निघून जाण्यासारखी जागा, जाण्याचे साधन, तिथे गेल्यावर खायला धान्य, आणि मागून कोणी आले तर दरवाजा बंद ठेवणारे लोक, हे सारे त्या किल्ल्यात होते. या व्याख्यानात मला एवढेच पाहायचे आहे की जिच्या आईजवळ किल्ला नाही, तिच्यासाठी समाजाने काय उभे केले, कोणाच्या पैशाने केले, आणि कुठे हात आखडता घेतला. आपण मराठी माणसे या बाबतीत स्वतःची पाठ बरीच थोपटून घेतो. थोपटण्यासारखे आहेही. पण हिशेब सगळा मांडला पाहिजे.

पहिले दार पुण्यात उघडले, १८६३ साली. एका ब्राह्मण घरी स्वयंपाक करणारी विधवा फसवली गेली, गरोदर राहिली, आणि लाजेपोटी तिने मूल मारले. तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी त्यानंतर आपल्या राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. नुसते सुरू करून ते थांबले नाहीत. बाईने यावे, गुप्तपणे व सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशा आशयाच्या छापील जाहिराती त्यांनी वस्त्यांमध्ये भिंतींवर लावल्या. ज्या काळात 'तसले' काही घडतच नाही असे सगळे गाव धरून चालत होते, त्या काळात भिंतीवर कागद चिकटवून ते घडते असे जाहीर करणे म्हणजे काय, याचा विचार आपण करावा. १८८४ मध्ये जोतीरावांनीच नमूद केले आहे की तोवर पस्तीस विधवा तिथे येऊन गेल्या. एकवीस वर्षांत पस्तीस. आकडा लहान वाटेल. पण त्या पस्तीस जणींचे बाळंतपण, खाणेपिणे, मागे राहिलेल्या मुलांचे संगोपन या खर्चाला जमातीची वर्गणी नव्हती. जोतीरावांची कंत्राटाची कमाई होती आणि सावित्रीबाईंचे कष्ट होते. समाजाची साथ या सदरात त्या जमाखर्चात फारसे काही सापडत नाही.

बारा वर्षांनी, १८७५ मध्ये, पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर यांनी तशाच स्वरूपाचे गृह काढले आणि ते पुढे प्रार्थना समाजाने चालवले. यात्रेच्या गावी असे गृह का लागते, ते पंढरीची वारी केलेल्या घरांना सांगायला नको. गावाकडून 'यात्रेला' म्हणून आणायची आणि गर्दीत सोडून निघून जायचे, ही वहिवाट जुनी होती. त्या गृहाची परंपरा बालकाश्रमाच्या रूपाने चालत आली, आणि एका गुजराती गृहस्थाने मराठी तीर्थक्षेत्री लावलेले ते रोप मराठी व गुजराती अशा दोन्ही देणगीदारांनी जगवले.

मग पंडिता रमाबाई. १८८९ च्या मार्चमध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. पैसा आला तो अमेरिकेतून. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली होती. दहा वर्षे सदन चालवण्याइतकी मदत करू असे तिने कबूल केले, आणि गावोगावच्या छोट्या मंडळांतून बायका वर्षाला एकेक डॉलर देऊ लागल्या. आपल्याकडून सल्लागार मिळाले. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे मंडळावर होती. १८९३ मध्ये धर्मांतराचा वाद पेटला, सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात कोणाची बाजू किती खरी, यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत. मला त्यातली एकच गोष्ट टिपायची आहे. देणगीदार जितक्या सहजपणे येतो तितक्याच सहजपणे जातो, आणि जाताना त्याला एक सबळ कारण नेहमी सापडते. ज्यांना परत नेले त्या मुलींचे पुढे काय झाले, हा प्रश्न कोणत्याही राजीनाम्यात नाही.

आपल्या प्रदेशाशी रमाबाईंचा संबंध फार थोड्यांना ठाऊक असतो. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात आल्या आणि भुकेने व त्याहून वाईट गोष्टींनी गांजलेल्या सुमारे तीनशे बायका-मुलींना घेऊन परतल्या. केडगावच्या मुक्ती सदनाची वसाहत त्या गर्दीतून उभी राहिली. म्हणजे मुक्ती सदनातल्या पहिल्या मोठ्या तुकडीत मध्य प्रांतातल्या लेकी होत्या. आज आपण रेल्वेने पुण्याला जाताना केडगाव ओलांडतो, बहुधा पहाटे, झोपेत.

याच सुमारास अण्णासाहेब कर्वे यांचे काम सुरू झाले. त्याच्याकडे मी जरा थांबून पाहणार आहे, कारण वर्गणी, पावती आणि घरोघर फिरणे या ज्या गोष्टींना आपण समाजाची साथ म्हणतो त्यांची शाळा तिथे भरली. शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई जोशी या बालविधवेशी त्यांनी १८९३ मध्ये विवाह केला. याच आपल्या बाया कर्वे. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला. १९०० मध्ये प्लेगच्या दिवसांत तो हिंगण्याच्या माळावर गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जमीन दिली आणि झोपडीसाठी ७५० रुपये. ती झोपडी संस्थेने आजही जपली आहे. अण्णा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून संध्याकाळी पायी हिंगण्याला जात.

मात्र या साथीची किंमतही होती. विधवाविवाहाच्या चळवळीशी आश्रम जोडला गेला असता तर देणगी आटली असती, म्हणून अण्णांनी दोन्ही कामे जाणूनबुजून वेगळी ठेवली. आश्रम हा शिक्षणासाठी, विवाहासाठी नव्हे. ज्याने स्वतः विधवेशी लग्न केले त्या माणसाला आश्रमाच्या दारात आपलेच एक मत बाहेर ठेवून यावे लागले. मी यात त्यांना दोष देत नाही. शंभर घरांचा पैसा घ्यायचा तर शंभर घरांची भीतीही थोडीफार सांभाळावी लागते, हे ज्याने गणेशोत्सवाची वर्गणी गोळा केली आहे त्याला कळेल.

बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनी ती वर्गणी गोळा केली. ऐन तारुण्यात वैधव्य आलेली, कोकणात वाढलेली ही बाई हिंगण्याला आली, शिकली आणि मग आश्रमासाठी गावोगाव हिंडू लागली. अनोळखी गावी उतरायचे, सभेत बोलायचे, कोणी दार लावून घेतले तर पुढच्या दारी जायचे. १९१८ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, इंग्रजी फारसे येत नसताना त्या अमेरिकेला गेल्या, तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या आणि १९२० मध्ये परत आल्या. 'माझी कहाणी' हे त्यांचे आत्मवृत्त आपल्या मंडळाच्या ग्रंथालयात असेल तर अवश्य काढून वाचावे. नसेल तर ग्रंथपालांना विचारून त्यांना थोडे लाजवावे.

१९२० च्या आसपास हिंगण्याने भाऊबीज निधी सुरू केला. कल्पना साधी, आणि म्हणूनच टिकली. दिवाळीत भाऊ बहिणीला ओवाळणी घालतो. आश्रमातल्या मुली या तुमच्या बहिणीच, तेव्हा त्यांचीही ओवाळणी घाला. पावतीपुस्तके घेऊन स्वयंसेविका घरोघर जात. रुपया, दोन रुपये, आठ आणे. मोठ्या देणगीवर संगमरवरी पाटी लागते, आठ आण्यांवर नाही. पण त्या आठ आण्यांनी हजारो घरांत दिवाळीच्या दिवशी विधवेचा विषय निघाला, आणि तोही करुणेने नव्हे, नात्याने.

आमच्या घरी त्या पावत्या आहेत. आजी-आजोबा नागपूरचे. १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्यप्रदेश झाला, नागपूरची राजधानी गेली आणि सचिवालयातली मराठी कुटुंबे बिऱ्हाड आवरून भोपाळला आली, त्या लोंढ्यात आजोबा आले. तात्या टोपे नगरात सरकारी क्वार्टर मिळाले. (येवल्याच्या माणसाच्या नावाच्या वस्तीत राहायला मिळाले याचे आजोबांना फार अप्रूप. 'टी. टी. नगर' म्हटलेले त्यांना चालत नसे.) आजी दर दिवाळीला हिंगण्याला मनीऑर्डर करी. पावती आली की बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवी. तो डबा आता माझ्याकडे आहे.

त्याच डब्यावरून मला हा विषय सुचला. माझ्या वडिलांची एक चुलत आत्या होती. तिचे नाव लिहीत नाही. सासर वऱ्हाडात, नवरा मास्तर, गावात मान. साठाव्या दशकातल्या एका भाऊबिजेला ती भोपाळला आली ती एक मूल आणि एक पत्र्याची ट्रंक घेऊन. पाठीवर आणि दंडावर जे होते ते आजीने न्हाणीघरात पाहिले. आत्या चौदा दिवस राहिली. कोणी तिला लागेल असे बोलले नाही. आजोबांनी ओवाळणी नेहमीपेक्षा जास्त घातली, नवे पातळ घेतले, आणि पंधराव्या दिवशी तिला स्वतः गाडीत बसवून दिले. 'घर म्हटले की भांड्याला भांडे लागते' हे वाक्य त्या वेळी कोण म्हणाले ते घरात कोणालाच आठवत नाही. बहुधा सगळेच म्हणाले असतील. त्या वर्षीची हिंगण्याची पावती डब्यात आहे. पाच रुपयांची.

आजी-आजोबांना मी ढोंगी म्हणणार नाही. ती सज्जन माणसे होती, आणि माझ्यापेक्षा जास्त देणारी होती. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्या डब्यात आपल्या शंभर वर्षांच्या सुधारणेची शीव दिसते. विधवेसाठी आपण दार उघडले. फसलेल्या कुमारिकेसाठी थोडे किलकिले केले. सवाष्णीसाठी ते उघडायचे असते हे आपल्याला सुचलेच नाही. तिला घर होते. उलट त्या घरातच तर तिचा धोका होता, पण 'अनाथ' या शब्दाच्या व्याख्येत ती बसत नव्हती.

याची जाणीव कोणालाच नव्हती असे मात्र नाही. रखमाबाईंचा खटला आठवावा. अकराव्या वर्षी झालेले लग्न आपण मानत नाही, नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, असे म्हणणाऱ्या या मुलीला १८८७ च्या मार्चमध्ये मुंबईच्या न्यायालयाने सांगितले की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. ती तुरुंगाला तयार झाली. तिच्यासाठी संरक्षण समिती उभी राहिली, पैसा जमला. विरोधात 'केसरी' होता, आणि त्याच्या मागे आपल्यापैकी बहुतेकांचे पणजोबा होते. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, आणि रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या. विवाहित बाईच्या नकारामागे वर्गणी उभी राहिल्याचे इतके ठळक उदाहरण त्या काळात मला दुसरे दिसत नाही. ती वाट तशीच चालू राहिली असती तर भाऊबीज निधीच्या शेजारी आणखी एक पावतीपुस्तक आले असते. ते यायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

मधल्या काळात सरकार आले. केंद्रीय समाजकल्याण मंडळ १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झाले. १९६९ मध्ये अल्पकालीन निवासगृहांची योजना आली. २००१ नंतर स्वाधार, आणि २०२२ पासून शक्ती सदन. नावे बदलत गेली, खाटा मात्र हळूहळू वाढल्या.

खरा बदल १९८० नंतरचा. पुण्यात १९८२ मध्ये विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच सुरू केला आणि पुढे 'बोलते व्हा' हे केंद्र काढले. ते नाव मला फार नेमके वाटते. निवाऱ्याआधी बोलण्याची जागा लागते, आणि बोलल्यावर निवारा नसेल तर बोलून काय करायचे, हे त्या केंद्रात बसणाऱ्या बायांना रोज कळत असणार. त्याच दशकात संगमनेरकडे निशा शिवूरकर आणि त्यांच्या साथींनी परित्यक्तांचा प्रश्न गावोगावी मांडला. टाकून दिलेल्या, नांदवायला नकार दिलेल्या बायका शेकड्यांनी सभेला आल्या. माहेरची माणसे या बायांची मोजदादच करत नव्हती, कारण कागदोपत्री त्या 'नवऱ्याच्या घरी' होत्या. १९९७ मध्ये सिस्टर ल्युसी कुरियन यांनी पुण्याजवळ वढू बुद्रुक येथे गृह काढले. त्या केरळच्या. गृहाचे नाव त्यांनी ठेवले 'माहेर'. आपल्या भाषेतला सगळ्यात ओलावा असलेला शब्द परगावच्या बाईने घेतला आणि जिला माहेर नाही तिच्या दारावर लावला.

कायदाही त्याच क्रमाने आला. १९८३ मध्ये दंड संहितेत ४९८ अ कलम आले. आता भारतीय न्याय संहितेत ते ८५ वे आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. या दुसऱ्या कायद्याचे महत्त्व वडीलधाऱ्यांनी नीट समजून घ्यावे, कारण लग्न जमवताना आणि मोडताना मध्यस्थ म्हणून आपल्यालाच बोलावतात. त्याने प्रथमच सांगितले की घर कोणाच्याही नावावर असो, बाईला तिथे राहण्याचा हक्क आहे. तिला बाहेर काढता येत नाही. आणि तिनेच बाहेर पडायचे ठरवले, तर मान्यताप्राप्त आधारगृहाने मागणी आल्यावर तिला आत घेतलेच पाहिजे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले की सासू-सासऱ्यांच्या मालकीचे घरसुद्धा या हक्कातून आपोआप सुटत नाही. आमच्या आत्याला यातले काहीही नव्हते. तिला एक गाडी होती, भोपाळहून परत जाणारी.

आता पुन्हा आपल्या गावाकडे येऊ. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीनंतर करोंदला गॅसपीडित विधवांची वसाहत उभी राहिली, आणि भोपाळच्या बायका रस्त्यावर उतरून मोर्चे काढायला शिकल्या. तीही विधवांचीच वसाहत, हे जाता जाता लक्षात घ्यावे. सवाष्णीचे दार भोपाळात १६ जून २०१४ ला उघडले. जयप्रकाश जिल्हा रुग्णालयाच्या आवारात, राज्याचा आरोग्य विभाग आणि अॅक्शनएड ही संस्था यांच्या सहकार्याने 'गौरवी' हे केंद्र सुरू झाले. उद्घाटनाला आमिर खान आले होते. देशातले अशा प्रकारचे हे पहिलेच केंद्र म्हणून तेव्हा गाजले. पुढच्या वर्षी, १ एप्रिल २०१५ पासून केंद्र सरकारने निर्भया निधीतून 'सखी वन स्टॉप सेंटर' ही योजना देशभर सुरू केली. म्हणजे या बाबतीत भोपाळ दिल्लीच्या एक वर्ष पुढे होते. आपल्या सभांमध्ये भोपाळची थोरवी सांगताना तलाव येतात, सांची-भीमबेटका येते, १७३७ ची बाजीरावांची लढाई तर येतेच येते. जे. पी. अस्पतालमधले ते केंद्र अजून आलेले मी ऐकले नाही.

अशा केंद्राची कल्पना समजावून घेण्यासारखी आहे. मार खाल्लेली बाई पूर्वी रुग्णालयातून थान्यात, थान्यातून वकिलाकडे, वकिलाकडून परामर्श केंद्रात फिरे, आणि प्रत्येक टेबलापाशी तीच हकीकत पुन्हा सांगे. तिसऱ्या टेबलापर्यंत ती थके, घरी जाई. एका छताखाली उपचार, पोलिसांत तक्रार, समुपदेशन, कायद्याची मदत आणि तात्पुरता निवारा मिळाला तर ती तक्रार शेवटाला जाण्याची शक्यता वाढते. रुग्णालयाच्या आवारात केंद्र ठेवण्यामागेही शहाणपण आहे. रुग्णालयात जाते म्हणून बाईला घराबाहेर पडता येते.

योजनेच्या नियमाप्रमाणे या तात्पुरत्या निवाऱ्याची मुदत साधारण पाच दिवसांची असते. त्यापुढे लांब मुदतीचे गृह, नाहीतर नातेवाईक, नाहीतर परत. इस्लामनगरच्या किल्ल्यात सिकंदर बेगम काही वर्षे राहू शकली. इथे सहाव्या दिवसाचा प्रश्न असतो, आणि तो कोणत्याही सरकारी परिपत्रकात पुरता सुटत नाही. घरमालकाला जामीन कोण राहणार? मुलाचा शाळेचा दाखला मागच्या गावी अडकला आहे, तो कोण आणणार? आधार कार्ड, बँकेचे पुस्तक सासरी राहिले आहे. तारखेला न्यायालयात जाताना शेजारी बसायला कोणीतरी हवे. बैतूल, पांढुर्णा, छिंदवाडा, बुऱ्हाणपूर या बाजूंनी लग्न होऊन भोपाळला आलेल्या मुलीला हिंदी बोलता येते, पण रडताना आणि जबाब देताना तिची भाषा मराठी असते. तिच्या शेजारी बसून ती भाषा समजून घेणारी, निवृत्त, वेळ असलेली, आदबशीर बोलणारी माणसे या शहरात कोणाकडे आहेत, ते मी सांगायला नको.

काही वर्षांपूर्वी मी एका संस्थेच्या कार्यकारिणीवर होतो. संस्थेचे नाव घेत नाही. तिच्या वास्तूत पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत, वर्षातले बरेच दिवस रिकाम्या. एका ओळखीच्या मुलीला, लेकरासह, एक महिना खोली द्यावी असा प्रस्ताव मी ठेवला. चर्चा सभ्य झाली. कोणी मुलीला वाईट म्हटले नाही. उद्या नवरा येऊन दारात तमाशा करील, संस्थेचे नाव होईल, पोलीस येतील, आणि आज एकीला दिली तर उद्या रांग लागेल. शेवटच्या मुद्द्यावर मी विचारले की रांग लागेल म्हणजे अशा मुली पुष्कळ आहेत असे आपण मानतो ना? त्यावर चहा आला. संस्थेने त्या मुलीसाठी अडीच हजार रुपये मंजूर केले, सर्वानुमते. मीही हात वर केला. घरी आलो आणि तो बिस्किटांचा डबा उघडून बसलो.

रांगेचा प्रश्न मात्र खरा आहे. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायांपैकी २९.३ टक्के बायांनी नवऱ्याकडून मारहाण वा जबरदस्ती झाल्याचे सांगितले. त्याच सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्या बायांपैकी मदत मागणाऱ्या १४ टक्के होत्या. ७७ टक्के बायांनी मदतही मागितली नव्हती आणि कोणाला सांगितलेही नव्हते. रांग आहेच. ती दाराशी आलेली नाही इतकेच. फुल्यांनी भिंतीवर जाहिरात लावली होती ती याच सत्त्याहत्तर जणींसाठी. १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आपल्या मंडळाच्या सूचनाफलकावर, कोजागिरीच्या आणि हळदीकुंकवाच्या सूचनेशेजारी, लावायला कार्यकारिणीच्या ठरावाचीही गरज नाही.

गेल्या दिवाळीपासून आमच्या वस्तीतल्या काही बायकांनी एक लहान काम सुरू केले आहे. माझी पत्नी त्यात आहे, मी पिशव्या उचलतो. घर सोडून आलेली बाई अंगावरच्या कपड्यांनिशी येते, हे समुपदेशन करणाऱ्या एका बाईंनी सांगितल्यावर त्यांनी पिशव्या भरायला घेतल्या. दोन सलवार-कुडते, एक साडी, आतले कपडे, टॉवेल, साबण, दात घासायचा ब्रश, लहान मुलांचे दोन जोड, रंगीत खडू, मोबाइलचा चार्जर, आणि पाकिटात रेल्वेच्या जनरल डब्याच्या भाड्याइतके पैसे. चार्जर ही सूचना सगळ्यात तरुण मुलीची. आम्हा जुन्यांना ते सुचले नसते. पैसे भाऊबिजेच्या आसपास गोळा होतात, आणि पावती देतो.

कुंकवाची डबी घालावी की नाही, यावर पहिल्या दिवशी बराच वेळ गेला. एकीचे म्हणणे, नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाईला आपण कुंकू कसले देतो. दुसरीचे म्हणणे, तिने लावायचे की नाही ते आपण कोण ठरवणार. सत्तरीच्या एक वहिनी इतका वेळ गप्प बसून मुलांचे कपडे घडी करत होत्या. त्यांनी डब्या उचलल्या, प्रत्येक पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात टिकल्यांच्या पाकिटाशेजारी एकेक ठेवली, चेन लावली आणि पुढची पिशवी ओढली.